सगळ्यांच्या आधी

अर्डिथने ओट्यावर जुना टॉवेल अंथरला, त्यावर वायरलेसवरचं बोलणं ऐकायचा स्कॅनर पालथा घातला आणि मागचे चार स्क्रू काढून बशीत ठेवले. झाकण निघालं तशी ती रंगकामाचा कोरडा ब्रश घेऊन आतली धूळ हलक्या हाताने झटकू लागली. या यंत्राला ओला फडका कधी लावायचा नाही, हे एमिलने तिला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एमिलला जाऊन अकरा वर्षं झाली होती. गावच्या अग्निशमन दलात तो बिनपगारी काम करायचा, त्यासाठी आणलेला हा स्कॅनर त्याच्या मागे तिच्याकडे राहिला.

"आजच्या दिवशी तरी राहू दे की ते," टेबलाशी कॉफी घेऊन बसलेली ओपल म्हणाली. "दहाला कोर्टहाउसात मीटिंग आहे, आणि तू अजून केससुद्धा विंचरलेले नाहीस."

"कालपासून आवाज तुटतोय. माळ्यावर जाऊन पाहिलं तर एरियलची वायर खारीने कुरतडलेली. टेप गुंडाळून आले."

"चौऱ्याहत्तराव्या वर्षी शिडी चढलीस? पडली असतीस म्हणजे? तुझ्या घरी अँब्युलन्स गेली हे मला कोण सांगणार होतं?"

"तू पण घे की एक स्कॅनर."

"मला कशाला हवा? तू आहेस ना," ओपल म्हणाली आणि स्वतःच हसली.

अर्डिथने झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि बटण दाबलं. लाल आकडे सरसर पळू लागले. शेरीफचे पोलीस, अँब्युलन्स, अग्निशमन दल, रस्त्यांवर माती ओढणारे ट्रक, ज्यांचं बोलणं वायरलेसवरून चालतं ते सगळे या डब्यात राहायचे. कुठला नंबर कोणाचा, ते तिने कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं. तिने खरखर कमी करायचं बटण किंचित फिरवलं. आवाज स्वच्छ झाला.

"सतरा. कोर्टहाउसला आलोय."

तिचा हात बटणावरच राहिला. सतरा म्हणजे रॉयस, तिचा एकुलता एक मुलगा, शेरीफचा डेप्युटी.

"घसा बसलाय त्याचा," ती म्हणाली.

ओपलने कॉफीत पाहिलं. "तोही येणार म्हणजे आज."

"ड्युटी असेल त्याची."

काउंटी नवी यंत्रणा आणत होती. त्या यंत्रणेत सगळं बोलणं कुलपात जाणार होतं. घराघरांतले स्कॅनर चालू राहिले असते, पण त्यांतून एक शब्द ऐकू आला नसता. आज काउंटीच्या मंडळापुढे त्याचा निर्णय होता. अर्डिथने बोलायला नाव दिलं होतं. भाषणाचा कागद तिने तीनदा नव्याने लिहिला होता.

लिहिण्यासारखं तिच्याकडे पुष्कळ होतं. घरं उडवणाऱ्या वावटळीच्या वर्षी, धोक्याच्या भोंग्याचा आवाज पोचत नाही अशा शेतांवर तिने एकेक करून फोन केले होते आणि तीन कुटुंबं वेळेत तळघरात उतरली होती. कोणाच्या घरी अँब्युलन्स गेली की ती परत निघायच्या आत अर्डिथ खसखशीचे कोलाचे, म्हणजे गोड पाव, घेऊन दारात हजर असायची. लोक कौतुक करायचे. काही जण नाकही मुरडायचे, ते तिला ठाऊक होतं. पण अडचणीत एकटं कोणी पडू नये, हे तिचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काय आहे ते तिला आजवर कोणी सांगितलेलं नव्हतं.

रॉयसनेही नाही. त्याने नुसतं येणं बंद केलं. चार वर्षांपूर्वी, ऑक्टोबरमधल्या एका दुपारी, मक्याची कापणी ऐन भरात असताना स्कॅनरवर अपघात आला होता. धान्याच्या कोठाराजवळच्या चौकात दोन गाड्या, त्यातला एक प्रोखास्कांचा पिकअप. पाठोपाठ कोणीतरी कॉरोनरला बोलवा म्हणून सांगितलं. माणूस गेल्याशिवाय कॉरोनरला कोणी बोलवत नाही. पिकअप नेवा प्रोखास्काचा मुलगा टोबिन चालवायचा. नेवा विधवा, घरात एकटी. अशी बातमी दारात उभ्या राहिलेल्या गणवेशाकडून कळण्यापेक्षा एखाद्या बाईने जवळ घेऊन सांगितलेली बरी, असं अर्डिथला वाटलं. ती तशीच उठली, स्कॅनर बंद केला आणि गाडी काढली.

रॉयस तिच्यानंतर बावीस मिनिटांनी पोचला. स्वयंपाकघराच्या दारातून त्याने पाहिलं, की त्याची आई नेवाला कवेत घेऊन बसली आहे. "आई, बाहेर हो," तो म्हणाला होता. एवढंच. पण असा आवाज तिने त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मग त्याने नेवाला गाडीत बसवलं आणि दिवे लावून तो निघून गेला. त्यानंतर नाताळला कार्ड यायचं, त्यावर सुनेची सही असायची.

"अपमान वाटला त्याला," अर्डिथ ओपलला सांगायची. "त्याच्या आधी मी पोचले ना."

कोर्टहाउसच्या वरच्या मजल्यावरची खोली भरलेली होती. कापणीला अजून आठवडा होता, त्यामुळे शेतकरीही आले होते, टोप्या गुडघ्यावर ठेवून बसलेले. ओमाहाहून आलेल्या कंपनीच्या माणसाने नव्या यंत्रणेची चित्रं दाखवली. रॉयस मागच्या भिंतीला टेकून उभा होता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते. ते रेडिओवर ऐकू येत नाहीत, असं काहीतरी तिच्या मनात आलं आणि तिने मान पुढे वळवली.

"बोला, कुचेराबाई," अध्यक्ष अर्डिथला म्हणाले. "तीन मिनिटं आहेत बरं का. आम्ही तुम्हाला ओळखतो."

लोक हसले. तीही हसली. वावटळीचं सांगितलं, तळघरात उतरलेल्या तीन कुटुंबांचं सांगितलं. मग कागद खाली ठेवून म्हणाली, "आपण एकमेकांपासून मैलमैल लांब राहतो. कोणाला काय झालं हेच कळलं नाही, तर धावून कोण जाणार? तुम्ही आम्हाला बहिरं करायला निघालात."

टाळ्या पडल्या. ओपलने तिच्या मांडीवर थाप मारली.

"आता श्रीमती प्रोखास्का."

नेवा आली आहे हे अर्डिथने पाहिलंच नव्हतं. टोबिननंतर तिने घर विकलं होतं आणि ती पलीकडच्या गावी बहिणीकडे राहायला गेली होती. बारीक झाली होती. ती बाकाजवळून पुढे गेली तेव्हा अर्डिथने हात पुढे केला. नेवाचं लक्ष नसावं.

तिच्याकडे कागद नव्हता. दोन्ही हात टेबलाच्या कडेवर ठेवून ती बोलू लागली, इतक्या हळू, की मागच्या लोकांना पुढे वाकावं लागलं.

"मला भाषण येत नाही. माझा मुलगा गेला त्या दुपारचं सांगते फक्त. मी पीठ मळत होते. एक बाई आली. नाव घेत नाही. म्हणाली, नेवा, बस. म्हटलं, काय झालं? तर म्हणाली, टोबिन गेला. स्कॅनरवर सांगितलं."

अर्डिथ मान हलवत होती. असंच झालं होतं.

"मी बसले. तिने माझ्या हातांचं पीठ पुसलं. माझ्यासाठी प्रार्थना म्हटली. मग म्हणाली, आता गावभरचे फोन सुरू होतील, तुला त्रास नको. आणि तिने भिंतीवरच्या फोनचा रिसीव्हर काढून ठेवला."

अर्डिथची मान हलायची थांबली.

"कॉरोनर दुसऱ्या गाडीतल्या माणसासाठी होता," नेवा म्हणाली. "कॅन्ससचा कोणी होता बिचारा. टोबिनला इस्पितळात नेलं होतं. शुद्धीवर होता. इस्पितळातून मला सात वेळा फोन लावला त्यांनी. लागेना. माझ्याकडे मोबाइल नव्हता. शेवटी चौकातून डेप्युटीला पाठवलं, आईला घेऊन या म्हणून."

खोलीत कोणाची तरी खुर्ची करकरली.

"इस्पितळ माझ्या घरापासून सहा मैलांवर होतं. मी गाडी चालवू शकत होते. मी स्वयंपाकघरात बसून, जिवंत मुलासाठी रडत होते. पोचले तेव्हा त्याला जाऊन चार मिनिटं झाली होती. पेपरात दोघेही गेले एवढंच आलं. तेही खरंच होतं."

तिने टेबलावरचे हात उचलले, ते कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे छातीशी धरले.

"त्या बाईच्या मनात वाईट नव्हतं. हे मी रोज स्वतःला सांगते. पण तिने आणखी पाच मिनिटं ऐकलं असतं ना, तर पुढचंही ऐकू आलं असतं."

ती जागेवर जाऊन बसली. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. नाव तिने घेतलं नव्हतं, पण घ्यायची गरजही नव्हती. पुढच्या रांगांतले लोक एकेक करून वळून पाहत होते आणि अर्डिथशी नजर भिडताच पुन्हा समोर बघत होते. कागदाची घडी ती अर्ध्यात अर्धी करत गेली. शेवटी तो इतका लहान झाला, की आणखी दुमडेना.

मंडळाने हात वर करून कौल दिला. पाचपैकी पाच, नव्या यंत्रणेच्या बाजूने.

लोक उठले. ओपल आपल्या पर्समध्ये काहीतरी शोधत राहिली. मग म्हणाली, "अगं, डोरिसला माझ्याच वाटेवर जायचंय. मी तिच्याबरोबरच जाते. तुला कशाला उलटा फेरा."

"उलटा कुठे आहे?"

"तरी पण," ओपल म्हणाली.

अर्डिथ कठड्याला धरून जिना उतरली. नेवा कुठे दिसते का पाहिलं. ती मागच्या दाराने गेली होती. गाडी कोर्टहाउसच्या बाजूला, एल्मच्या सावलीत उभी होती. किल्ली लावायला तिला वेळ लागला. आत बसून तिने काच खाली केली.

रॉयस आवार ओलांडून आला. तिच्यापासून दोन हात दूर, दोन्ही अंगठे पट्ट्यात अडकवून उभा राहिला.

"तूच बोलावलंस तिला?" तिने विचारलं.

"नाही. तीच आली. परवा मला फोन केला, येतेय म्हणून."

"तुला माहीत होतं."

"हो."

"चार वर्षं?"

"मीच नेलं ना तिला, आई. फोन मीच जागेवर ठेवला. ठेवल्या ठेवल्या वाजला तो."

अर्डिथने स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. हात तिचेच होते, तरी तिने ते निरखून पाहिले. "मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगून काय झालं असतं?"

"मला कळलं असतं."

रॉयसने टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. "दर वेळी निघायचो घरून तुला सांगायला म्हणून. अर्ध्या वाटेवर यायचो, आणि वाटायचं, ही आता कोलाचे पुढे करेल आणि विचारेल, आज चौकात काय झालं रे? मग वळायचो."

ते तिने विचारलंच असतं, हे तिला माहीत होतं.

"तो काय म्हणत होता?" तिने विचारलं. "टोबिन. शुद्धीवर होता म्हणाली ती."

"मी नव्हतो तिथे."

"पण तुला कळलं असेल."

"कळलंय," रॉयस म्हणाला. "ते नेवाला सांगितलंय. तेवढं तिचं तिच्याकडे राहू दे."

अर्डिथने मान हलवली. काहीतरी म्हणावं म्हणून तिने तोंड उघडलं. सकाळीच घसा बसला होता तुझा, रात्री मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर, असं काहीतरी. पण चार वर्षांत तो घरी आला नव्हता. सकाळी बसलेला घसा तिला कसा कळला, हे त्याने विचारलं असतं. किंवा विचारलंही नसतं.

तेवढ्यात त्याच्या खांद्यावरचा रेडिओ खरखरला. "सतरा, सतरा. ब्लफ रोड, घर नंबर..."

रॉयसचा हात वर गेला. त्याने रेडिओवर तळवा ठेवला आणि आईकडे पाहिलं. रागाने नाही. गरम भांड्याजवळ आलेल्या लहान पोराकडे पाहावं तसं, थकून.

ब्लफ रोडवर तीन घरं होती. तिन्हींतली माणसं अर्डिथच्या ओळखीची होती; एकात तर तिच्याबरोबर गायनवृंदात गाणारी म्हातारी राहत होती, एकटी. कोणतं घर? तळव्याखालून आवाज येतच होता, दबलेला, पण लक्ष दिलं तर कळेल असा. लक्ष कसं द्यायचं, हे तिला चांगलं येत होतं.

तिने दारावरचा काचेचा दांडा फिरवला. जुनी गाडी होती, काच वर जायला सात-आठ फेरे लागायचे. खांदा दुखेपर्यंत ती फिरवत राहिली. काच रबरात घट्ट बसली तेव्हाच तिने हात काढला.

रॉयसने तळवा उचलला. तिच्याकडे पाठ न करता, तिथेच उभा राहून तो रेडिओवर बोलू लागला. काचेपलीकडे त्याचे ओठ हलत होते.