टायर गरम व्हावे लागतात

घरात शिरल्या शिरल्या मी नवऱ्याला काय बोलले ते मला आठवत नाही. त्याचा मात्र शब्दन् शब्द आठवतो.

"तू फार हळू चालवतेस ना, म्हणून झालं ते. हे टायर गरम व्हावे लागतात. गार असले की पकडत नाहीत."

मी दारातच उभी होते. कडेवर ठमी, आमची दोन वर्षांची लेक, एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा. आणि हा मला शिकवत होता की पोरीला मागे बसवून मी आणखी जोरात जायला हवं होतं.

अर्ध्या तासापूर्वी मी ठमीला पाळणाघरातून घेऊन निघाले होते. पाऊस सकाळपासून रिपरिपत होता. वाचनालयापाशी रस्ता वळतो, तिथे पाणी साचलं होतं. रोजचाच रस्ता, रोजचाच वेग. सायकलवालेसुद्धा मला मागे टाकतात. वळणावर स्टिअरिंग हातात एकदम हलकं झालं, खेळण्यातल्या गाडीचं असावं तसं. मी वळवत होते आणि गाडी सरळ चालली होती. समोरून बस येत होती. मी पेडलवरून पाय उचलून घेतला, कसं सुचलं कोण जाणे, आणि गाडी सावकाश, अगदी निवांत, पलीकडच्या बाजूला घसरत गेली. फुटपाथला घासून थांबली. बस हातभर अंतरावर उभी राहिली.

बसचा ड्रायव्हर तणतणत खाली उतरला. माझ्याशी भांडायला तोंड उघडलं, मागच्या सीटवर ठमी दिसली, तसं मिटलं. मग वाकून चाकाकडे पाहिलं.

"ताई, हे शर्यतीचे टायर कोणी घातले? यांना खाचा नावालाच आहेत. पाणी जायचं कुठून?"

मागून ठमीने टाळ्या वाजवल्या. म्हणाली, "आई, परत."

हे सगळं मी नवऱ्याला सांगितलं. बस सांगितली, टाळ्या सांगितल्या. तो खिडकीतून खाली गाडीकडे बघत होता.

"रिमला लागलंय का?" त्याने विचारलं.

सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. ठमीला माझ्याकडून घेतलं, तिचे हातपाय चाचपले, आणि लेकाला म्हणाल्या, "त्या रिमला मलम लावून झालं की बायकोकडेही बघ जरा." मग नातीला निजवायला आत घेऊन गेल्या.

माझा नवरा चष्म्याच्या दुकानात लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. सभ्य माणूस आहे. महिन्यातून एकदा गाडी घेऊन शर्यतीच्या ट्रॅकवर जातो आणि परत येतो तेव्हा चेहरा असा खुललेला असतो की मला कधी नको म्हणवलं नाही. त्यासाठी घरात चाकांचे दोन संच आहेत. ठमी पोटात असताना आमचं ठरलं होतं: ट्रॅकचे टायर शनिवारी चढवायचे, रविवारी संध्याकाळी उतरवायचे. आजवर त्याने ते पाळलंही होतं. या वेळी ट्रॅकचे लागोपाठ दोन शनिवार होते. मधल्या पाच दिवसांसाठी कोण आठ चाकं काढतं-घालतं?

"मी सांगितलं होतं तुला," तो म्हणाला. "रविवारी. टायर राहू देतोय म्हटलं, तू हं म्हणालीस."

म्हणाले असेन. टायरांबद्दल तो बोलायला लागला की मी हं म्हणते, त्याला बरं वाटावं म्हणून. त्या वेळी मी ठमीची नखं कापत होते. ते आठवलं आणि राग कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट झाला, कारण आता त्यातला थोडा माझ्यावरही होता.

"ट्रॅकवर पाऊस आला तर तुम्ही काय करता?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"साधा प्रश्न आहे. या टायरांवर आहात, पाऊस आला. मग?"

तो खिडकीपासून वळला. मग म्हणाला, "थांबतो. गाड्या आत घेतो."

"हेल्मेट असतं ना डोक्यावर?"

"असतं."

"समोरून बस येते?"

"नाही."

"तरी थांबता."

"हं," तो म्हणाला.

मी किल्ली घेतली आणि खाली गेले. रस्त्याचे टायर शेडमध्ये भिंतीला लावून ठेवलेले असतात, जुन्या चादरीखाली. मी चादर ओढली. जॅक काढला. हे काम मी कधी केलं नव्हतं, पण दर रविवारी बाल्कनीतून पाहिलं होतं. आधी नट ढिले करायचे, मग गाडी उचलायची. पहिला नट हलेना. मी पान्यावर दोन्ही पायांनी उभी राहिले आणि जी काही घाण शिवी मला येते ती दिली. नट सुटला.

तो मागोमाग आला होता. "सरक, मी करतो."

"हात लावू नकोस."

"अगं, उद्या सकाळी मी उठून..."

"उद्या सकाळी ती पाळणाघरात जाणार आहे. पाऊस आठवडाभर आहे."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी तू बसने जा. ड्रायव्हर चांगला आहे."

त्याला हसू येत होतं, पण माझ्याकडे पाहून त्याने ते गिळलं. मग पुढचा तासभर तो शेडच्या दारात उभा राहिला. मी चाकं ओढली, उचलली, भोकं जुळेनात म्हणून रडलेही, पण त्याच्याकडे पाठ करून. तो फक्त एकदा बोलला, "नट समोरासमोरचे आवळ, ओळीने नको." मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि समोरासमोरचे आवळले.

चौथं चाक बसलं तेव्हा हातांना वंगण होतं आणि सालपटं निघाली होती.

"हे टायर या गाडीला पुन्हा लागणार नाहीत," मी म्हणाले.

"बरं."

"बरं नको. हं पण नको. पूर्ण बोल."

त्याने त्या काळ्या, गुळगुळीत टायरांवरून हात फिरवला. दोन वर्षं पैसे जमवून आणलेले. मला त्याचं वाईट वाटलं आणि वाईट वाटल्याचाही राग आला.

"ठमी बसते त्या गाडीला हे टायर पुन्हा लागणार नाहीत," तो म्हणाला. "ट्रॅकवर भाड्याच्या गाड्या मिळतात. नाहीतर नाही जाणार."

मी पाना त्याच्या हातात दिला.

"नट तपास."

"तू घट्टच केले असतील."

"माझ्या मनासारखे घट्ट नकोत. जेवढे लागतात तेवढे."

तो खाली बसला. एकेका नटाला पाना लावत चाकामागून चाक पुढे सरकला. मी त्याच्या डोक्यावर उभी राहून बघत होते. मागच्या एका चाकाचे दोन नट ढिले निघाले, अर्धा वळसा फिरले. ठमीच्या सीटच्या बाजूचे. त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. शिकवलं मात्र काही नाही. ते दोन्ही आवळून तो पहिल्या चाकापासून पुन्हा तपासू लागला.