चाळिसाव्याची रजई

दर गुरुवारी दुपारी डॉक्टर स्मारांदा व्होर्निकू मेलेल्यांची नोंद करायला बसे. याश शहरातल्या एका रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगाचा वॉर्ड तिच्याकडे होता. बुरशीने आतून पोखरलेल्या रुग्णांची माहिती जर्मनीतल्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीला कळवायचं कामही तिने आपण होऊन अंगावर घेतलं होतं. बाकीचे डॉक्टर तिची फिरकी घेत. माणूस गेला तो गेला, आता जर्मनांना त्याचं जन्मवर्ष कळवून तो काय उठून बसणार आहे, असं विचारत. तिला भयंकर राग येई. असे रोगी प्रत्येक गावात एखाददुसरेच, सगळे देश मिळून मोजल्याशिवाय कुणाला काय कळणार?

नोंदवहीत नाव नसे. नुसता क्रमांक, जन्मवर्ष, बुरशी कुठे शिरली, औषध कोणतं दिलं, पहिल्या लक्षणापासून शेवटापर्यंत किती दिवस गेले. ‘संसर्गाचा संभाव्य उगम’ असाही एक रकाना होता. त्यात ती ‘अज्ञात’ लिहून मोकळी होई.

ईस्टर होऊन आठवडा झाला आणि नोंदवहीच्या कचेरीतून पत्र आलं. या हिवाळ्यात तिने पाठवलेल्या तीन नमुन्यांमधली काळी बुरशी तंतोतंत एकच निघाली होती. तीन नोंदी, पण उगम एक. या तिघांमध्ये समान काय होतं, ते कृपया शोधावं, असं खाली लिहिलं होतं.

स्मारांदाने पत्र पुन्हा वाचलं. तिघे वेगवेगळ्या महिन्यांत गेले होते, वेगवेगळ्या खोल्यांत. वॉर्डातली हवा तपासून झाली होती, नळ तपासून झाले होते, कुठेही काही सापडलं नव्हतं. तिने तिघांच्या कागदी फायली काढल्या आणि पहिल्यांदाच त्यांची नावं शेजारी शेजारी ठेवली. मग सावेताला हाक मारली. सावेता म्हणजे बावीस वर्षं या वॉर्डाची झाडलोट करणारी मावशी. डॉक्टरांना रोग ठाऊक असत, हिला माणसं ठाऊक होती.

सावेताने नावं वाचली आणि छातीवर क्रूसाची खूण केली.

“हे तिघं रजईवाले,” ती म्हणाली.

“कसली रजई, मावशी?”

मग सावेताने सगळं सांगितलं, आणि तेही ‘यात विचारायचं काय’ अशा सुरात. पहिल्याने घरून लोकरीची जाड रजई आणली होती, वर्षानुवर्षं तळघरातल्या पेटीत पडलेली. तो गेला. मरणानंतर चाळिसाव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, त्याच्या बायकोने मेणबत्ती, गोड पाव आणि ती रजई त्याच्या नावाने वॉर्डातल्या एका गरिबाला दिली. तो गेल्यावर त्याच्या घरच्यांनी चाळिसाव्याला तीच पुढच्याला दिली.

“आणि तुम्ही देऊ दिलीत?”

“मेलेल्याच्या नावाचं दान नाही कसं म्हणायचं, डॉक्टरीणबाई? आणि घरचं पांघरूण चालेल असा कागद दारावर होताच की. सही तुमची.”

होती. नोव्हेंबरात हीटर बंद पडले होते, रोगी कुडकुडत होते, आणि तिने दयेपोटी नियम बाजूला ठेवला होता. तेव्हा तिला स्वतःचं कौतुकही वाटलं होतं. आता लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती.

“तिसऱ्याचा चाळिसावा कधी झाला?”

“ईस्टरच्या आधी. त्याची बहीण आली होती. तुदोराला दिली.”

तुदोरा एकोणतीस वर्षांची, शाळेत शिकवणारी. तिच्या रक्तातून रोग हटला होता. साऱ्या हिवाळ्यात या वॉर्डातून बरी होऊन गेलेली ती एकटी. दहाच दिवसांपूर्वी स्मारांदाने स्वतः तिला दारापर्यंत पोचवलं होतं, आणि काखेत गाठोडं कसलं हे विचारलंही नव्हतं.

सावेताला रुग्णवाहिका मागवायला पिटाळून तिने फोन लावला. तुदोराचा आवाज खुशीत होता. तिने सणाची लाल अंडी, आईचा पाव असं बरंच काही सांगितलं. स्मारांदाने मध्येच तोडून रजईचं विचारलं.

“अंगावरच आहे. देव क्षमा करो त्या गेलेल्याला, काय ऊब देते! चार दिवस नाक चोंदलंय, आणि सकाळपासून डावा गाल बधिर झालाय. आई म्हणते, खिडकीतून वारं लागलं. म्हणून तिने खिडक्या लावून घेतल्यात आणि मला डोक्यावरून रजईत गुंडाळून बसवलंय.”

स्मारांदाने तिला पुढे बोलू दिलं नाही. ती रजई काढ, झटकू नकोस, आईला त्या खोलीतून बाहेर काढ, गाडी येतेय, असं तिने एका दमात सांगितलं. तुदोराने का विचारलं. खोटं बोलणं सोपं होतं.

“त्या रजईखाली तिघं गेलेत,” ती म्हणाली. “वॉर्डात ती मी येऊ दिली.”

पलीकडे रजई धपकन जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं.

“डॉक्टर, असं सुरू झाल्यापासून त्यांना किती दिवस मिळाले?”

अकरा, नऊ, सहा. तिन्ही आकडे स्मारांदाने स्वतःच्या हाताने भरले होते.

“मला आठवत नाही,” ती म्हणाली. “तू आधी खिडकी उघड.”