मांडवाशिवाय धवला

आमच्या घरात कुणालाच काही करायची गरज नाही, आणि माझं दुखणं तिथूनच सुरू होतं. ठाकुर्लीला जिथे आजोबांची भातखाचरं होती तिथे आता सात मजली इमारत उभी आहे. तिच्यातली काही घरं आमची. त्यांचं भाडं येतं, आम्ही जेवतो, बाबा गच्चीवरच्या मिरच्यांना पाणी घालतात आणि दिवस संपतो. त्यांना ह्यात काही खुपत नाही. मला मात्र संध्याकाळचे पाच वाजले की बसवत नाही.

मग मी काहीतरी सुरू करते. बी.कॉम. तेवढं पुरं झालं. त्यानंतर वकिलीचं एक वर्ष, घरसजावटीचा अर्धा कोर्स, जपानीचे चार महिने. लग्नही ह्याच यादीत बसतं, ते अडीच वर्षं टिकलं. पस्तिसाव्या वर्षी ठाण्यातल्या एका विद्यापीठात लिबरल स्टडीजच्या एम.ए.ला अर्ज केला तेव्हा मुलाखतीत ही सगळी यादी भीतभीत सांगितली. लग्न वगळून. समोरचे तिघे चक्क खूश झाले. "आम्हाला अशीच माणसं हवी असतात," त्यांच्यातल्या दीप्ती मॅडम म्हणाल्या, "एका विषयात न मावणारी." माझ्या धरसोडीला कुणीतरी पहिल्यांदाच बरं नाव दिलं होतं. मी त्याच दिवशी प्रवेश घेऊन टाकला.

दोन वर्षं दर शनिवारी ठाण्याला गेले. इतिहास थोडा, समाजशास्त्र थोडं, संगीताचा एक पेपर, शहररचनेचा एक. बाबा सोसायटीत सांगायचे, "आमची दर्शना सगळ्यातलं थोडं थोडं शिकते." ऐकून माझं डोकं फिरायचं, कारण ते खरंच होतं. शेवटी उरला प्रबंध. त्यात किमान दोन विषयांची सांगड घालायची आणि सामग्री स्वतः जाऊन गोळा करायची. मी विषय घेतला धवले.

धवले म्हणजे आमच्या आगरी लग्नातली गाणी. जात्यावर हळद दळून घाणा भरताना, हळद लावताना, प्रत्येक विधीला वेगळा धवला, आणि तो म्हणणारी बाई ती धवलारीण. पूर्वी तिच्याशिवाय कार्य पुरं होत नसे. आता आमच्या गावठाणात एकच उरली आहे, तुळसाबाय. सत्तरी कधीच ओलांडलेली, आवाज अजून खणखणीत. इतिहास झाला, संगीत झालं, समाजशास्त्र झालं, एका म्हातारीत तीन विषय. माझ्या मार्गदर्शक दीप्ती मॅडमना हा विषय इतका आवडला की मला भीतीच वाटली. मे महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी प्रबंध द्यायचा होता. मी घाईघाईने सगळी प्रकरणं लिहून काढली, निष्कर्षसुद्धा. फक्त माझ्याकडे धवला एकही नव्हता. ह्या वेळी मागे फिरायचं नाही असं मी ठरवलं होतं. हेही अर्धवट राहिलं असतं तर मला माझंच तोंड बघवलं नसतं.

पहिल्यांदा गेले तेव्हा तुळसाबाय ओट्यावर वाल सोलत बसली होती. मी फोन पुढे धरला.

"थोडंसं म्हण ना गं, हळदीचं."

"कोनाची हलद?"

"कुणाची नाही. मला अभ्यासाला पाहिजे."

"मांडव नाय तं धवला नाय," ती म्हणाली आणि पुन्हा वालाकडे वळली. "धवल्यान देवांना बोलीवतान. ते यायचे, बसायचे, अन् बघतान तं लगीनच नाय. मंग त्यांना मी काय सांगू? दर्शनाची परीक्षा हाय?"

मी चिडून निघून आले. एखाद्या खऱ्या लग्नात जाऊन रेकॉर्ड करावं, तर गावात यंदा जेवढी लग्नं होती त्यांतल्या कुणीच तिला बोलावलं नव्हतं. सगळीकडे बँजोवाल्यांचा ताफा नाहीतर डीजे. बोलायला मला तोंडही नव्हतं. माझं स्वतःचं लग्न घोडबंदर रोडवरच्या हॉलमध्ये झालं. सासरच्यांनी कार्यक्रमाचा छापील तक्ता पाठवला होता, त्यात धवल्याला जागा नव्हती. आईचा जीव वर-खाली झाला होता, पण मीच तिला म्हणाले होते, जाऊ दे गं, कोण ऐकतंय. आई आता नाही. तुळसाबाय त्याबद्दल मला कधी एका शब्दाने बोलली नाही.

शेवटचे दहा दिवस उरले तेव्हा मला एका तासाला शिकवलेलं आठवलं, की माणसांकडे त्यांच्या रीतीने जावं. मला एकदम उलगडा झाला. बाईला मान हवा होता, आणि मी फोन नाचवत गेले होते. संध्याकाळी बाबांना विचारलं, "धवलारणीकडे जाताना काय नेतात?"

बाबांनी टीव्हीचा आवाज बंद केला. "सुपारी, तांदूळ, लुगडं. का गं?"

"काम आहे."

"कधी?"

"येत्या रविवारी, इथेच घरी. आता मागे लागू नका बाबा, सगळं ठरलं की सांगेन."

ते मागे लागले नाहीत. आमच्या घरात मला कुणी कुठलीच गोष्ट दोनदा विचारत नाही. तशी सवयच मी लावली आहे.

दुसऱ्या दिवशी ताट घेऊन गेले. तुळसाबायने ताटाकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे. मी म्हटलं, "रविवारी दहाला घरी ये. मोठं काही नाही. गर्दी नको, गोंगाट नको, आपल्यातल्या आपल्यात." तिने सुपारी उचलून कपाळाला लावली. तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, अखेर हिला संशोधनाचं महत्त्व पटलं. इतकी मी शहाणी.

मधला वेळ मी माइक भाड्याने आणण्यात आणि वरच्या भाडेकरूला रविवारी ड्रिल चालवू नको म्हणून दम देण्यात घालवला. बाबांनी केस कापून घेतले, पांढरा शर्ट आणला, दाराला आंब्याचं तोरण बांधलं. मी ते सगळं पाहिलं आणि कशाचाच अर्थ लावला नाही. ह्याला क्षेत्रकार्य म्हणतात.

रविवारी बरोबर दहाला तुळसाबाय आली. नवं लुगडं, केसांत अबोली, आणि मागून म्हणायला दोघी जणी. एकीच्या हातात आंब्याच्या डहाळ्या होत्या. मी पंखा बंद केला, माइकवर टिचकी मारली आणि तिघींना सोफ्यावर बसवलं. तुळसाबाय खोलीभर बघत राहिली.

"मांडव कुठं घातलास गो?"

मी उत्तर देणार तेवढ्यात बाबा आतून आले. घसा साफ करून हळूच म्हणाले, "पाहुणे किती वाजता येणार?"

"कुठले पाहुणे?"

"मुलाकडचे."

सुपारी, तांदूळ, लुगडं, घरातल्या घरात, गर्दी नको. घटस्फोट झालेली मुलगी दुसऱ्या लग्नाचं आमंत्रण घेऊन गेली तर ती ह्याहून वेगळं काय बोलली असती? मान देण्याची रीत म्हणून मी जे ताट नेलं ते फक्त लग्नासाठीच नेतात, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला नाही कळलं, कारण मी त्याच्यावर टिपणं काढत होते.

"लग्न नाहीये," मी म्हटलं. माझा आवाज उगाचच चढला. "मला शुक्रवारी प्रबंध द्यायचाय. मला फक्त गाणी हवी होती."

बाबा खुर्चीत बसले आणि शर्टाच्या बाहीकडे बघत राहिले. त्यांनी मला एक शिवी हासडली असती तरी बरं वाटलं असतं. तुळसाबायच्या मागे बसलेली एक जण मात्र गप्प राहिली नाही.

"अन् त्या लक्ष्मीला नाय बोललीस, त्याचं काय?"

"तू गप गो," तुळसाबाय म्हणाली.

पण मी खोदून विचारलं. लक्ष्मी खडवलीची. तिच्या मुलीचं, करिश्माचं उद्या लग्न, आज घाणा आणि हळद. माझ्या सुपारीच्या दुसऱ्याच दिवशी ती ताट घेऊन आली होती आणि तुळसाबायने ते परत पाठवलं होतं.

मी गाडीची चावी उचलली. काही बिघडलं की मला फक्त पळता येतं, निदान ह्या वेळी तरी दिशा बरोबर होती. "चला. अजून अकरा वाजले नाहीत. वेळेत पोचू."

"नाय बोलल्यावर कसं जायाचं?" तुळसाबाय म्हणाली.

"मी सांगेन त्यांना. चूक माझी आहे."

तिघी गाडीत बसल्या. शहाडच्या पुलावर वाहनांची रांग लागली होती. पुढे टिटवाळ्यापर्यंत मी हॉर्नवरून हात काढला नाही. पोचलो तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. दारात मांडव होता, जातं हळदीने पिवळं झालेलं होतं, आणि कोपऱ्यात बायका पानं लावत होत्या. घाणा भरून झाला होता.

लक्ष्मी पदराला हात पुसत बाहेर आली. "बाय, तू? आज तं तुला जमत नव्हतं ना?"

मी सगळं सांगितलं, एका दमात. ती रागावली नाही. तेच मला सोसवेना. "व्हतं असं," ती म्हणाली. "पोरांनी मोबाईलवर लावलं गानं. कसाबसा भरला घाना."

"हळदीचे धवले तरी म्हणू दे तिला," मी म्हटलं.

लक्ष्मीने आपल्या मुलाकडे पाहिलं. तो पंचविशीचा, नम्र, कानात इअरफोन. "ताई, तीनपासून बँजो आहे. स्टेज वगैरे सगळं सेट झालंय, आता मधेच कुठे घुसवणार? आजी आधी हो म्हणाल्या असत्या तर आम्ही बँजो सांगितलाच नसता." मग तुळसाबायकडे वळून म्हणाला, "आजी, जेवून जा हां."

तुळसाबाय प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जेवली. आग्रह झाला तेव्हा वडे आणखी घेतले, करिश्माच्या डोक्यावरून हात फिरवला. धवले का संपत चालले ह्यावर मी चाळीस पानं लिहिली होती, त्यात शहर होतं, हॉल होते, डीजे होता. आणि आज खडवलीच्या ह्या मांडवात एक बाई धवले म्हणणार होती, ती माझ्या चाळीस पानांपायी वेळेत आली नाही. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती, लग्न मोडलं तेव्हाही नाही.

मांडवाच्या बाहेर उभी होते तेव्हा दीप्ती मॅडमचा फोन आला. रेकॉर्डिंग झालं का, त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं, कारण सांगितलं नाही.

"मग दोन मार्ग आहेत," त्या म्हणाल्या. "वर्षभराची मुदतवाढ घ्या. किंवा विषय बदला. शहररचनेचा तुमचा जुना निबंध वाढवून शुक्रवारी देता येईल, मी मान्यता देईन. तुम्हाला विषय बदलणं जड जात नाही, म्हणून सुचवते आहे."

त्या चांगल्या मनाने बोलल्या होत्या. तो निबंध लॅपटॉपमध्ये तयारच होता. चार दिवस बसले असते तर पदवी हातात आली असती. मी म्हटलं, संध्याकाळी कळवते.

परत येताना मागे दोघी झोपल्या. तुळसाबाय पुढे बसली होती. काहीतरी बोलायला हवं म्हणून मी विचारलं, "यंदा किती लग्नं केलीस गं?"

"ह्येच एक व्हतं."

"हे म्हणजे? खडवलीचं?"

"हां."

मला तिचाच राग आला. दुसरं काही करता येत नव्हतं म्हणून असेल. "मग दोन्ही का नाही धरलीस? लक्ष्मीने घाणा दुपारी ठेवला असता. माझ्याकडचं उरकून गेली असतीस!"

"बोलली व्हती लक्ष्मी. गाडी धाडते बोलली, दुपारी ये बोलली."

"मग?"

ती काचेबाहेर बघत होती. "तुझी आय आलती माझेकडं, तुझे लग्नाचे आदी. वसरीवर बसून रडली. बोलली, बाय, पोरीचं धवल्याशिवाय व्हनार, तू मनान काय धरू नको. मी बोलली, नाय धरत." तिने केसांतली अबोली सारखी केली. "मंग नव वरसांनी तू सोता सुपारी घेऊन आलीस. म्हटलं, आयशीचं राहिलेलं पोरीने केलं. त्या कार्यातून अर्धवट उठून मी जानार व्हते काय?"

शहाडचा पूल आला होता. मला पुढचं दिसेना. मी गाडी तिथेच उभी केली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून रडले. आईसाठी, खडवलीच्या त्या पिवळ्या जात्यासाठी आणि बाबांच्या कापलेल्या केसांसाठी. मागून हॉर्न सुरू झाले, मागच्या दोघी दचकून जाग्या झाल्या.

"घरी जाऊन रड," तुळसाबाय म्हणाली. "लोकांची वाट आडवू नको."

तिला गावठाणात सोडलं आणि गाडीतूनच मॅडमना लिहिलं, विषय बदलत नाही, वर्ष वाढवून द्या. पुढच्या वर्षी कुणाकडे मांडव उभा राहील, तिथे तुळसाबायला बोलावतील का, बोलावलं तर मला आत घेतील का, ह्यातलं काहीच माझ्या हातात नाही. एका जागी वर्षभर थांबायचंय. मला ते येत नाही, पण थांबायचंय.