नऊ मजल्यांत मावेल तेवढं

"खाली! मला खाली न्या हो!"

लिफ्ट नवव्या मजल्यावर पोचली होती. जाळीचं दार उघडलं होतं. समोर रेडिओ केंद्राच्या बाई हसतमुखाने स्वागताला उभ्या होत्या. आणि आजचे पाहुणे, एक निवृत्त पोस्टमास्तर, लिफ्टच्या मागच्या भिंतीला पाठ चिकटवून उभे होते, जणू दाराबाहेर दरी आहे.

"अहो, चाळीस सेकंदांचं तर काम," बाई म्हणाल्या.

"तेच तर! चाळीस सेकंदांत अख्खं आयुष्य? आठवडाभर बसलोय लिहायला. जन्मतारीख सोडून काही टिकत नाही. हे बघा, सगळं खोडलंय!"

कागद खरोखरच तसा होता.

दांडा धरून उभे असलेले लिफ्टकाका अशा माणसांना पुरते ओळखून होते. गवई असो, बातम्या वाचणारा असो, माइकच्या भीतीने नवव्या मजल्यावर पाय न उचलणारे त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. त्यांचं औषधही ठरलेलं. "साहेब, एक मोठा श्वास घ्या. वर नेणारा देव आहे, मी नुसता दांडा फिरवतो. बोलवून घेणाराही तोच." एवढं म्हटलं की माणूस हसायचा आणि हसला की चालायला लागायचा. पण पोस्टमास्तर हसले नाहीत. काकांनी त्यांना मुकाट्याने खाली नेऊन सोडलं.

परत वर आले, तर बाई तिथेच उभ्या. दोन्ही मनगटांवर दोन घड्याळं बांधणाऱ्या या बाईंना सगळी इमारत घड्याळबाई म्हणे. आता त्या एकही घड्याळ न बघता काकांकडे बघत होत्या.

"काका, तुमचं आयुष्य कसं आहे?"

"म्हणजे? देवाच्या कृपेने बरं आहे."

"तसं नाही. चाळीस सेकंदांत बसेल असं आहे का?"

काकांच्या छातीत असं काही धडधडलं की त्यांना वाटलं, लिफ्टची मोटरच सुरू झाली.

'थोडक्यात मी' हा कार्यक्रम रोज सव्वाचारला थेट लागायचा. त्यात कुणी पुढारी नाही, कुणी नट नाही. कधी माळी, कधी परिचारिका, कधी पंप दुरुस्त करणारा मिस्त्री. एकाने यायचं आणि चाळीस सेकंदांत आपलं आयुष्य सांगायचं. गावभर लोक हातातलं काम थांबवून ऐकत. त्यातला एकूणएक माणूस काकांनी वर आणला होता, आणि प्रत्येकाला सोडून खाली जाताना रिकाम्या लिफ्टमध्ये स्वतःचं एखादं वाक्य हळूच म्हणूनही बघितलं होतं. हे फक्त देवाला ठाऊक.

"आज? मी? आत्ता?"

"तीन पंचावन्न झालेत. वीस मिनिटं आहेत. ही तुमची लिफ्ट खालून वर यायला किती वेळ घेते?"

"बेचाळीस सेकंद. माणसं वजनदार असली तर चव्वेचाळीस."

"मग काय पाहिजे! चला खाली. तालीम इथेच करू."

तळमजल्यावर काकांनी दार ओढलं, दांडा फिरवला, घसा खाकरला आणि दाराकडे तोंड करून सुरुवात केली. "माझे आजोबा नदीवर होडी चालवायचे. त्यांच्याकडे दोन होड्या. एक लहान, एक मोठी. लहान होडीला एक भोक होतं, ते कसं पडलं त्याची एक गंमतच आहे..."

लिफ्ट थांबली.

"काका," घड्याळबाई शांतपणे म्हणाल्या, "आजोबांचं अजून लग्न झालं नाही, आणि आपण पोचलो."

दुसऱ्या खेपेला काका थेट जन्मापासून निघाले. तिसऱ्या मजल्यावर दाताचे डॉक्टर आत आले आणि प्रकार कळताच आपला मजला विसरले. "वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. शाळा सहावीत सुटली. मग हमाली. खांद्याला अजून घट्टा आहे..."

"काका, दुखणारं थोडक्यात आटपा," डॉक्टर म्हणाले. "माझा अनुभव आहे, दुखायला लागलं की माणूस खुर्चीतून उठून पळतो. इथे तर नुसतं रेडिओचं बटण फिरवायचंय."

"पण डॉक्टर, दुखलं होतं हो खरंच."

"दुखलं असेलच! फक्त एका वाक्यात दुखवा."

तिसऱ्या खेपेला पाचव्या मजल्यावर वकीलसाहेब चढले. ते चढले की लिफ्ट जराशी खाली बसायची.

"लग्न कितव्या मजल्यावर होतंय?" त्यांनी विचारलं.

"आठव्या," काका म्हणाले.

"फार उशीर! पाचव्याच्या आत उरका. मुली कधी होणार मग? गच्चीवर?"

डॉक्टर खो खो हसले. काकाही हसले. त्यांच्या कपाळावर घाम होता, कान लाल झाले होते, आणि एवढा आनंद त्यांना कधी झाला होता ते त्यांना आठवत नव्हतं.

"आणि काका," घड्याळबाई दोन्ही घड्याळं जुळवत म्हणाल्या, "नोकरीचं तर अजून आलंच नाही. तुम्ही लिफ्ट चालवता, हे कुठे आहे?"

काकांचा दांड्यावरचा हात सैल पडला. लिफ्ट सातव्या आणि आठव्याच्या मध्येच थांबली.

आता हे नोकरीचं प्रकरण सांगायला हवं. काकांचं लग्न जमवताना मध्यस्थाने मुलीच्या वडिलांना सांगितलं होतं, मुलगा रेडिओत आहे. खोटं म्हणावं तर खोटं नव्हतं, पगार रेडिओ केंद्राचाच होता. सासऱ्यांना वाटलं, जावई बोलतो. त्यांनी हौसेने नवा रेडिओ घेतला. काका गप्प राहिले. लग्नानंतर आठच दिवसांनी बायकोने विचारलं, "अहो, तुमचा आवाज कधी येतो?" आणि त्यांनी मान खाली घालून खरं सांगितलं. ती आधी हसली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसून म्हणाली, "बाबांना सांगू नका. त्यांनी रेडिओ घेतलाय." सासरे गेले ते जावयाच्या आवाजाची वाट बघतच. आणि बायको शर्टांच्या कारखान्यात कॉलरी बसवायला लागली, तिथे चाळीस बायकांत बोलून गेली, आमचे रेडिओत असतात. आवाज का येत नाही असं कुणी विचारलं, की ठरलेलं उत्तर, "ते आतलं काम बघतात." एकोणतीस वर्षं ती हे निभावत होती. त्यासाठी नवऱ्याच्या कामाच्या जागी तिने कधी पाऊल टाकलं नव्हतं.

त्या कारखान्यात रोज सव्वाचारला रेडिओ लागतो. मोठ्याने.

"काका, लिफ्ट," वकीलसाहेब म्हणाले.

"हो, हो."

नवव्या मजल्यावरून काकांनी कारखान्यात फोन लावला. पलीकडे यंत्रांचा खडखडाट. मुकादमबाईंनी हाक मारली, मग पळत येणाऱ्या चपला ऐकू आल्या.

"अहो, काय झालं? पडलात का?"

"नाही गं. ऐक. मी आज सव्वाचारला बोलणार आहे. रेडिओवर."

पलीकडून तिचा आवाज यंत्रांच्याही वर चढला.

"कोण? तुम्ही?"

"मीच. चाळीस सेकंद. सगळं आयुष्य सांगायचं. म्हणून म्हटलं तुला विचारावं, ते माझ्या कामाचं... तुझ्या तिथे सगळ्या ऐकतील... काय सांगू?"

पण तिने पुढचं ऐकलंच नव्हतं. फोन टेबलावर आपटल्याचा आवाज आला आणि लांबून तिची आरोळी. "अगं बायांनो! यंत्रं बंद करा! आमचे बोलणार आहेत! आवाज वाढवा गं त्याचा, आमचे बोलणार आहेत!"

काका फोन कानाला धरून तसेच उभे राहिले. खडखडाट एकेक करून थांबत गेला. मग बायकांचा गलका, टाळ्या, कुणीतरी शिट्टीसुद्धा मारली. तिला परत फोन घ्यायचं सुचलंच नाही.

"चार बारा!" घड्याळबाईंनी त्यांचा दंड धरला.

एकोणतीस वर्षांत काका स्टुडिओच्या त्या जाड दरवाज्याच्या आत गेले नव्हते. आतली शांतता त्यांना फार आवडली. निवेदक, काचेपलीकडचा तंत्रज्ञ, मधोमध माइक. त्यांना खुर्चीवर बसवलं. ते उठले, वळले आणि सगळ्यांकडे पाठ करून उभे राहिले.

"काका, माइक इकडे आहे!"

"माहीत आहे. पण मला तसं बोलता येत नाही, ताई. माणसं पाठीमागे आणि तोंड दाराकडे, असंच बोलत आलोय. समोर माणूस आला की मी गप्प होतो, कारण त्याचा मजला आलेला असतो."

निवेदकाने कपाळावर हात मारला. घड्याळबाईंनी मात्र माइकच उचलला, तंत्रज्ञाने वायर ओढून दिली, आणि माइक दार आणि काका यांच्या मध्ये आणून धरला. निवेदकाने ओळख करून दिली, "आज आपल्यासोबत आहेत..." आणि ऐन वेळी त्याच्या लक्षात आलं की काय सांगायचं ते त्याला कुणी सांगितलंच नाही. "...ते स्वतःच सांगतील," तो म्हणाला. तांबडा दिवा लागला.

रेडिओत असतात. आतलं काम बघतात. एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. चाळीस बायका खुशीत घरी गेल्या असत्या.

"नमस्कार," काका दाराला म्हणाले. "मी याच इमारतीत लिफ्ट चालवतो. एकोणतीस वर्षं. तुम्ही इथून ज्यांची गाणी ऐकलीत, त्यांना वर मी आणलं. कुणी घाबरलं तर धीर दिला. त्याआधी वडील गेले, शाळा सुटली, हमाली केली, मग देवाने ही नोकरी दिली. लग्न ठरताना मुलीकडच्यांना वाटलं, मी रेडिओवर बोलतो. मी गप्प राहिलो. बायकोला आठ दिवसांत खरं कळलं. ती मला एकदाही टोचून बोलली नाही, उलट जगापुढे माझी बाजू सांभाळत राहिली. कुणी तिला खोटारडी म्हणू नका. भित्रा मी होतो. आम्हाला दोन मुली. शिकल्या, सुखात आहेत. झालं."

घड्याळबाईंनी बोटं दाखवली. सात सेकंद उरले होते. बोला, बोला, त्या हाताने खुणावत होत्या. रेडिओवर शांतता म्हणजे मोठा अपराध. निवेदक पुढे झुकला. काकांनी मात्र मान हलवली. सांगायचं होतं ते संपलं होतं. सात सेकंदांत लिफ्ट दीड मजला चढते. तेवढा वेळ गावभर काहीच ऐकू आलं नाही.

दिवा विझला आणि घड्याळबाईंनी, आधी कधी केलं नव्हतं असं, दोन्ही हातांनी त्यांचे हात घट्ट धरले. त्या काहीतरी बोलणार होत्या, तेवढ्यात बाहेर घंटांचा कल्लोळ उठला. लिफ्ट नवव्या मजल्यावर दार उघडं टाकून राहिली होती आणि सगळे मजले एकदम घंटी वाजवत होते. काका धावले. तिसऱ्यावर डॉक्टर, "एका वाक्यात दुखवलंत की हो!" म्हणत रोग्याला उघड्या तोंडाने खुर्चीतच सोडून बाहेर आले होते. पाचव्यावर वकीलसाहेबांनी कडकडून मिठी मारली. तळमजल्यावर तर अनोळखी माणसं हात मिळवायला उभी होती.

काका सगळ्यांशी हसत होते. मधूनच जाऊन त्यांनी कारखान्यात दोनदा फोन लावला. वाजत राहिला. कुणी उचलला नाही.

साडेपाचला तळमजल्याच्या दारातून गलका आत आला. बायका. पाचसहा नव्हेत, वीस तरी. एकीच्या गळ्यात टेप, एकीच्या केसांत धाग्याचे तुकडे.

"हेच ते! अगं, हेच ते!"

"एकोणतीस वर्षं हिने आम्हाला फसवलं हो काका!" एक म्हातारी कंबरेवर हात ठेवून म्हणाली. "मला वाटायचं, तुमचा आवाज कायमचा बसलाय, म्हणून ही सांगत नाही. देवापुढे दिवा लावायचे मी तुमच्या घशासाठी!"

"मावशी, म्हणूनच आज सुटला!" दुसरी म्हणाली, आणि हसण्याने जिना भरून गेला. "त्या गाणाऱ्यांना नेता तसं न्या आता वर. आम्हाला पण मोठं करा!"

काकांनी त्यांना चार-चार करून वर नेलं, खाली आणलं. आणि दर खेपेला दार उघडताना त्यांची नजर दाराबाहेरच्या खांबाकडे जात होती. त्यांची बायको तिथे उभी होती, हातात पिशवी धरून. ती हसत नव्हती, पुढे येत नव्हती. नुसती बघत होती.

बायका पांगल्या. कामाची वेळ संपली. तेव्हा ती जवळ आली.

"रागावलीस?"

तिचं लक्ष त्यांच्या कोटावर होतं. गडद निळा, पितळी बटणांचा, केंद्राचा कोट. तो घरी कधी गेलाच नव्हता. शेजाऱ्यांनी बघू नये म्हणून जिन्याखालच्या खुंटीवर राहायचा. तिथल्याच नळाखाली काका तो धुवायचे, फाटला तर तिथेच बसून शिवायचे. तिने दोन बोटांत कॉलर धरली, उलटी केली.

"ही कुणी शिवली?"

"मीच. विरली होती."

"दिसतंय." तिने वाकड्या टाक्यांवरून नख फिरवलं. "रोज शंभर कॉलरी बसवते मी. शंभर. लोकांच्या."

काकांनी मान जरा वाकवली, कॉलर तिला नीट दिसावी म्हणून.

"काढा तो."

त्यांनी काढला. तिने तो झटकला, खांद्याला खांदा जुळवून नीट घडी केली. काकांनी पिशवीचं तोंड उघडून धरलं, सवयीने, की आत ठेवेल.

"आत कशाला?" ती म्हणाली. "आज उसवून पुन्हा शिवते. उद्यापासून घरूनच घालून निघा."

कोट तिने हातावर घेतला, बटणं बाहेरच्या बाजूला येतील असा. रस्त्यावर अजून लख्ख ऊन होतं. दुकानं उघडी होती, दारात माणसं होती. ती कडेने न जाता रस्त्याच्या मधून चालायला लागली, आणि रिकामी पिशवी घेऊन काका तिच्या बरोबरीने.