डाव्या पायडलचा दोरा

धम्मानंदने स्पॅनर पायडलच्या खाचेत बसवला, डाव्या हाताने चाक धरलं आणि नेहमीच्या उलट दिशेला झटका दिला. पायडल कुरकुरलं आणि सुटलं. चिंधीने त्याने त्याचे आटे पुसले, शर्टाच्या खिशातून निळ्या दोऱ्याचा तुकडा काढला, आसाभोवती दोन वेढे देऊन गाठ मारली आणि ते पायडल पिशवीत उजव्या पायडलशेजारी टाकलं.

कुकटपल्लीतल्या त्या सोसायटीच्या तळघरात, मोटारींच्या दोन रांगांमध्ये, पुठ्ठ्याची दहा खोकी भिंतीला टेकून उभी होती. सायकल ग्रुपची मंडळी उद्या श्रीलंकेला निघणार होती. उत्तरेला जाफन्यापासून दक्षिणेला गॉलपर्यंत, अख्खं बेट सायकलवरून, आठ दिवसांत. रस्ता दाखवायला कोलंबोच्या एका कंपनीचा गाइड आणि मागून सामानाची गाडी. त्या कंपनीने विचारलं होतं, सायकली जोडायला मेकॅनिक हवा का? ग्रुपचा पुढारी तेजस, त्याने तीन महिन्यांपूर्वी ऐटीत कळवलं होतं की नको, आमचा मेकॅनिक आमच्याबरोबरच सायकल चालवत येतो आहे.

तो मेकॅनिक सकाळी नऊपासून एकटा खपत होता. बाकीचे मदतीला म्हणून खाली यायचे, फोटो काढायचे आणि वर जायचे. ही सगळी पुण्या-मुंबईकडची संगणकवाली मंडळी. दर रविवारी शंभर किलोमीटर तुडवतील, मांडीच्या स्नायूंची लॅटिन नावं सांगतील, पण चाकातली हवा गेली की रस्त्याकडेला उभं राहून काकांची वाट बघतील. रेल्वेच्या कारखान्यात पस्तीस वर्षं हात काळे करून निवृत्त झालेला धम्मानंद त्यांना चार वर्षांपूर्वी तारनाक्याच्या चौकात असाच भेटला होता, कुणाची तरी साखळी बसवताना.

निळ्या दोऱ्याची पद्धत त्याचीच. सायकलचं डावं पायडल उलट्या आट्यांचं असतं. सगळं जग उजवीकडे फिरवून घट्ट करतं, ते डावीकडे फिरवावं लागतं. आसावर बारीक अक्षर कोरलेलं असतं, पण वंगणाखालचं ते अक्षर यांच्यातल्या कुणी कधी पाहिलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अराकूच्या सहलीत ग्रुपमधल्या मिलिंदने डावं पायडल उजवीकडे फिरवून बसवलं आणि अडतंय म्हणून आणखी जोर लावला. पायडल ज्यात बसतं त्या क्रँकच्या आतल्या आट्यांचा चुरा झाला. जत्रेत हरवलेल्या पोरासारखा चेहरा करून तो तीन दिवस ड्रायव्हरशेजारी बसून फिरला. तेव्हापासून धम्मानंद डाव्या पायडलला दोरा बांधायचा. निळा दोरा म्हणजे डावं, आणि ते उलटं फिरवायचं, एवढंच मंडळींनी लक्षात ठेवायचं. दोरा त्याची आई द्यायची. जयंतीच्या पताका ओवून उरलेला.

नववं खोकं चिकटवताना तिचाच फोन आला.

"किती झाले रे धम्मा?"

"नऊ. एक नवी सायकल राहिली, मग माझी."

"जेवलास का?"

"जेवतो. इथं काम करायलोय ना, आई."

"ऐक. पान तोडायचं नाही बरं का. खाली पडलेलंच उचलायचं. आणि तिथल्या भंतेजींना विचारून."

"हौ. शंभरदा सांगितलीस."

"मग एकशेएकदा ऐक," विठाबाई म्हणाली आणि दम लागल्यामुळे थांबली.

विठाबाई चौऱ्याऐंशी वर्षांची होती. सोळाव्या वर्षी नांदेडहून बापाबरोबर नागपूरला जाऊन, पांढरं लुगडं नेसून तिने दीक्षा घेतली होती. त्या लुगड्याचा उरलेला तुकडा तिने गेल्या महिन्यात स्टीलच्या एका चपट्या डब्यात अंथरून ठेवला होता. प्रवासाच्या तिसऱ्या दिवशी अनुराधापूर होतं. तिथला बोधिवृक्ष संघमित्रेने नेलेल्या फांदीचा. त्याचं एक पान त्या डब्यात यायचं होतं. विहारातल्या सगळ्या बायांना तिने सांगून टाकलं होतं. डॉक्टरांनी मात्र धम्मानंदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, हृदय थकलंय, आता पुढच्या वर्षीचं काही बोलू नका.

दहावी सायकल कोरी करकरीत होती. चाकांवरचं प्लास्टिकसुद्धा निघालं नव्हतं. तेजस खाली आला तेव्हा धम्मानंदने विचारलं, "ही कुणाची?"

"अभिजीत सरांची. आमच्या ऑफिसचे. ते पण येतायत."

"गाइडनं दहाच माणसं सांगितली होती ना?"

"करू मॅनेज, काका. जरा नीट पॅक करा हं, महाग आहे."

धम्मानंदने ती नीटच बांधली. दांड्यांना फोम गुंडाळला, गिअरच्या नाजूक भागाला आपला जुना टॉवेल कापून लावला, डाव्या पायडलला निळा दोरा बांधला. मग हात पुसून त्याने स्वतःची सायकल ओढून घेतली. जुन्या लोखंडी सांगाड्यावर त्याने ती एकेक भाग गोळा करून उभी केली होती. त्याने स्पॅनर लावला.

"काका, तुमची राहू द्या," तेजस म्हणाला.

"खोकं कमी पडलं काय? बेगम बाजारातून घेऊन येतो. तासाभराचं काम."

"तसं नाही." तेजसने फोन पुढे धरला. सायली नावाची तरुण मुलगी त्याच्या मागे येऊन उभी राहिली होती, आणि मिलिंदही. "ॲक्च्युअली, अनंतगिरीच्या राइडचा डेटा काढला आम्ही. गाइडला तासाला सोळाचा ॲव्हरेज पाहिजे. तुमचा साडेबारा येतोय."

"त्या दिवशी मी तीन पंक्चर काढले. मिलिंदभाऊचं एक, सायलीचे दोन."

"ते आम्ही ॲप्रिशिएट करतोच."

"मोबाइलवर दोन वेळ दिसतात, तेजस. चाक फिरत होतं तेवढा एक, आणि घरातनं निघाल्यापासूनचा एकूण एक. माझा कोणता घेतला?"

"एकूण."

"आणि सगळ्यांचा?"

तेजसने फोन खिशात टाकला. मिलिंद खोक्यावरची चिकटपट्टी नखाने खरवडू लागला.

"काका, तुमच्या तब्येतीची पण काळजी वाटते ना," तेजस म्हणाला. "साठीनंतर डोंगर, तिथलं ऊन. आणि सरांनी ऐन वेळी विचारलं, त्यांना नाही म्हणणं मला कठीण आहे. तुमचे पैसे परत येतील, ते टेन्शन नको. सकाळीच सांगणार होतो, पण म्हटलं तुमचा मूड जायला नको. काम होऊ दे आधी."

धम्मानंदला त्या माणसाची किळस आली. त्याहून स्वतःची आली. आपल्या जागेवर जाणाऱ्याची सायकल आपणच आपल्या टॉवेलात गुंडाळून दिली, तीही मन लावून. त्याने स्पॅनर जमिनीवर ठेवला. आवाज होऊ नये म्हणून हळू ठेवला.

"तिथं जाफन्याला सायकली कोण जोडणार?"

"जोडू आम्ही. हॉटेलच्या अंगणात संध्याकाळी सगळे मिळून. गाइड सकाळीच येतो. आणि तुमचा निळा दोरा आहेच की!" तेजस हसला आणि त्याच्या खांद्यावर थोपटलं. "वर बिर्याणी आलीय. हात धुऊन या."

तेजस आणि मिलिंद लिफ्टकडे गेले. दार बंद होईपर्यंत त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. विमानतळावर किती वाजता पोचायचं, असं काहीतरी.

सायली मागे राहिली होती. ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

"काका, आय ॲम सो सॉरी. आजींसाठी पान मी आणते. प्रॉमिस. खाली पडलेलंच आणायचं ना? तुम्ही सांगितलं होतं मागे."

धम्मानंदने वर पाहिलं. या पोरीला तेवढं लक्षात होतं. त्याचा राग ओसरला, इतका की त्याला रडूच येईल असं वाटलं. पान येणार असेल तर बाकी सगळं जाऊ दे. आपण नाही गेलो तरी पान येईल.

"भंतेजींना विचारून घे," तो म्हणाला. "पुस्तकात ठेव. मुडपू नको."

"नाही मुडपणार." तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून ती मोकळी झाली. "मला रात्रभर झोप नव्हती, काका. ती शीट मीच बनवली ना. तेजस म्हणाला, बाकीच्यांचा फिरता वेळ टाक, काकांचा एकूण टाक. मला चुकीचं वाटत होतं, खरंच. पण सगळ्यांचा सारखा टाकला असता तर लास्ट मी येत होते. मग मलाच ड्रॉप केलं असतं. इतके महिने तयारी केलीय मी."

"त्या दिवशी तुझंच चाक काढून बसलो होतो मी. चाळीस मिनिटं."

"हो ना," ती मनापासून म्हणाली. "तुम्ही नसता तर मी पोचलेच नसते."

धम्मानंद तिच्याकडे बघत राहिला. तिच्या डोळ्यांत खरोखरच पाणी होतं. आता तिला हलकं वाटत होतं आणि वर बिर्याणी निवत होती.

"काका, जायच्या आधी एकदा नीट सांगा ना. पायडलचं आम्हाला कुणालाच धड येत नाही. निळा दोरा म्हणजे डावं, बरोबर? आणि ते उलटं?"

तो उठला. पहिल्या खोक्याची पट्टी त्याने पात्याने कापली.

"या वेळी दोरा नको," तो म्हणाला. "विमानतळावर पिशव्या उघडतात. दोरा बघून दहा सवाल करतात. काढून टाकतो."

"मग कळणार कसं?"

"त्यात कळायचंय काय? उलटं-सुलटं ते जुन्या सायकलींचं, अराकूला मिलिंदभाऊची होती तसल्या; दोरा मी सवयीनं बांधला. या तुमच्या भारीतल्या आहेत. दोन्ही पायडलं सारखीच. बरणीचं झाकण लावतो तसं उजवीकडे फिरवायचं."

"आणि अडलं तर?"

गाठ सुटत नव्हती. ती त्याने दाताने ओढून सोडवली.

"अडणारच. अडलं की समजायचं, बरोबर बसायलंय. मग दोघांनी मिळून जोर लावायचा. चांगला जोर लावायचा."

सायलीने फोनवर ते शब्दाशब्दाने टिपून घेतलं. वर 'काकांच्या टिप्स' असं शीर्षक दिलं आणि ग्रुपवर टाकलं. तो दुसरं खोकं उघडेपर्यंत तिच्या फोनवर अंगठे उमटायला लागले. तेजसने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

"सगळे थँक यू म्हणतायत," ती म्हणाली.

"हौ. जेवायला जा. निवलं असेल."

एकेक खोकं उघडत, एकेक दोरा सोडत, पुन्हा पट्टी लावत त्याला दीड तास लागला. जीव कुणाचा जाणार नव्हता, तेवढा विचार त्याने केला. रस्त्याला लागायच्या आधीच, हॉटेलच्या अंगणात, दहा क्रँकांचा चुरा होईल. तसा क्रँक जाफन्यात मिळणार नाही. मग ही मंडळी सामानाच्या गाडीत बसून थेट समुद्रकाठ गाठतील. झाडाचं पान बघायला कुणी थांबणार नाही. हेही त्याला ठाऊक होतं. आठव्या खोक्यापाशी, सायलीच्या, त्याचा हात थोडा वेळ थांबला. मग त्याने तोही दोरा सोडला.

वर न जाता तो सायकलवर बसला आणि वीस किलोमीटर तारनाक्यापर्यंत कुठेही न थांबता आला.

विठाबाई दारातच खुर्ची टाकून बसली होती. मांडीवर डबा होता. सायकल त्याच्याबरोबर परत आलेली तिने पाहिली.

"मी जात नाही, आई. वयाचं काहीतरी निघालं."

पदराने तिने डब्याचं झाकण पुसलं. पुसलेलंच परत पुसलं.

"आणि पान?"

"सायली म्हणून पोरगी आहे. ती आणायलीय."

"तिला सगळं नीट सांगितलंस ना?"

"सगळं. तिनं लिहून घेतलं."

"लिहून घेतलं?" विठाबाईचा चेहरा उजळला. "गुणाची पोरगी दिसते. आजकाल कोण कुणाचं लिहून घेतंय?"

तो हातपाय धुवायला वाकला तसे शर्टाच्या खिशातून निळे तुकडे खाली पडले. तिने ते पाहिले.

"हे परत कशाला आणलेस रे?"

"जादा झाले."

"दे इकडं एक. डब्याचं झाकण सैल झालंय, मघापासून उघडायलंय."

त्याने एक दोरा तिच्या हातात दिला. तिला गाठ जमेना. तेव्हा त्याने डबा आपल्याकडे घेतला, भोवती दोन वेढे दिले आणि गाठ मारली. तिने ती अंगठ्याने दाबून पाहिली आणि समाधानाने मान हलवली.

"आता पान आल्यावरच सोडायचा," ती म्हणाली.