मावशींच्या चार विटा

मी एक जुना खड्डा आहे. हसलात ना? हसा, मित्रांनो. खड्ड्याबद्दल कुणी चार शब्द चांगले बोललेले मीसुद्धा फारसे ऐकलेले नाहीत. लोक खड्डे बुजवा म्हणून तक्रारी करतात. मला मात्र या गल्लीतल्या लोकांनी सुट्टीच्या दिवशी, आपापली फावडी आणून, घाम गाळून मुद्दाम खणलं. माझं खरं नाव पाऊसबाग. गल्ली खूश असली की मला ‘बाग’ म्हणते आणि रागावली की ‘खड्डा’.

गल्लीच्या खालच्या टोकाला, जिथे उतार संपतो, तिथे मी आहे. पूर्वी इथली जमीन उघडी होती, तेव्हा पावसाचं बरंचसं पाणी वाटेतच मुरायचं. मग घरांपुढच्या मोकळ्या जागांवर फरशी आली, रस्त्यावर सिमेंट आलं आणि पाण्याला थांबायला जागाच उरली नाही. गच्च्यांचं, अंगणांचं, रस्त्याचं सगळं पाणी एकदम खाली धावायचं. गटार भरलं की ते रस्त्यावर चढायचं आणि माझ्या समोरच्या दारातून तीन पायऱ्या उतरून शिवणवाल्या मावशींच्या खोलीत जायचं.

मावशींची खोली रस्त्यापेक्षा खाली आहे. त्याच खोलीत त्या राहतात आणि शिवतात. त्यांच्या शिलाई मशीनच्या चारही पायांखाली एकेक वीट असायची, म्हणजे पाणी आलं तरी खालची मोटर भिजू नये. मशीन उंच, म्हणून स्टूलही उंच. मावशी ठेंगण्या. त्यामुळे त्या शिवायला बसल्या की मशीनच्या पायपट्टीवर एक पाय आणि दुसरा अधांतरी. संध्याकाळपर्यंत तो सुजायचा. गिऱ्हाइकं गमतीनं म्हणायची, “मावशी, सिंहासन छान आहे हो.”

“हो तर,” मावशी सुईत दोरा ओवत म्हणायच्या, “फक्त राजाला उतरायला पाट लागतो.”

मला खणायची कल्पना पाणीवाल्या ताईची. ताई मावशींच्या वरच्या मजल्यावर राहायची आणि मातीचं शास्त्र शिकून नुकतीच घरी आली होती. तिनं गल्लीला समजावलं, की उताराच्या शेवटी उथळ खड्डा घ्यायचा, तळ भुसभुशीत ठेवायचा, त्यावर वाळू, खत आणि माती मिसळून भरायची आणि पाण्यात उभी राहू शकतील अशी झाडं लावायची. मग पाणी तुंबत नाही, मुरतं. लोकांचा विश्वास बसेना. तेव्हा तिनं हातभर खोल भोक खणलं, त्यात बादलीभर पाणी ओतलं, खुणा केलेली काडी रोवली आणि पाणी किती वेळात किती उतरतं ते बघत बसली. ती इतकी टक लावून बसली होती, की जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, “लागला का गं मासा?”

पाणी झपाझप उतरलं. जमीन चांगली होती. माझा जन्म ठरला.

खणायचं काम गवंडीमामांनी अंगावर घेतलं. ते मावशींचे सख्खे थोरले भाऊ, म्हणून सगळ्या गल्लीचे मामा. गल्लीतली प्रत्येक पाण्याची टाकी त्यांच्या हातची होती आणि त्यांची टाकी गळत नाही, असं लोक डोळे झाकून सांगत. मामांनी माझे काठ दोरी लावून सरळ केले, तळाचा उतार पट्टीनं तपासला. ताई झाडांची रोपं आणायला गेली आणि बाकीचे जेवायला. मामा एकटेच माझ्या तळाशी उभे राहिले. पायानं माती दाबून बघितली. ती दबली. ते त्यांना काही पटेना.

“असं भुसभुशीत कसं सोडायचं?” ते पुटपुटले. “उद्या कुणी म्हणेल, मामांनी उरकलं.”

त्यांनी तळावर पाणी शिंपडलं, धुम्मस आणली आणि माती ठोकायला सुरुवात केली. या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत माती घट्ट बसली. मग वर वाळू-खत-माती पसरून टाकली. मी तेव्हा नवा होतो, मित्रांनो. आपला तळ कसा असावा हे मला कुठून कळणार? मला वाटलं, माझे लाड चालले आहेत.

कर्दळी लागल्या, लव्हाळा लागला. लोक काठावर उभे राहून कौतुक करू लागले. आणि मग सगळ्यांनी मावशींच्या मागे लकडा लावला, की आता त्या विटा काढा. मावशी टाळत होत्या. शेवटी मामा म्हणाले, “काढ गं. भावानं बांधलीय बाग. माझ्यावर भरवसा नाही?”

चौघांनी मशीन उचललं. विटा निघाल्या. मावशी बुटक्या स्टुलावर बसल्या, दोन्ही पाय जमिनीला टेकवले आणि थोडा वेळ काहीच शिवलं नाही. मग म्हणाल्या, “बाई, फरशी गार आहे की.” दार उघडं होतं. मी सगळं बघत होतो. मला इतका अभिमान वाटला, की आता तो आठवला तरी मेल्याहून मेल्यासारखं होतं.

पावसाळा सुरू झाला. पहिल्या मोठ्या सरीचं पाणी माझ्यात आलं आणि थांबलं. गल्लीनं टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी ते तसंच होतं. मी पाणी खाली ओढायचा प्रयत्न करत होतो, पण वरची माती चिंब झाली की पुढे वाटच नव्हती. तिसऱ्या दिवशी पुन्हा जोराचा पाऊस आला, तेव्हा मी आधीच काठोकाठ भरलो होतो. पाणी माझ्यावरून गेलं, रस्ता ओलांडला आणि तीन पायऱ्या उतरलं.

पाणी पूर्वी यायचं तेवढंच आलं. फरक एवढाच, की विटा नव्हत्या.

मोटर बुडाली. मावशींनी शाळेच्या गणवेशांचं कापड कापून जमिनीवर गठ्ठे लावून ठेवलं होतं, ते गढूळ पाण्यात भिजलं. पाणी ओसरल्यावर मावशी पायरीवर येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच म्हणाल्या, “तुझ्या भरवशावर होते रे.”

खड्ड्याला खाली मान घालता येत नाही. तो आधीच खाली असतो.

लोकांनी मात्र ताईला धारेवर धरलं. “पुस्तकातलं पुस्तकात ठेवावं,” असं कुणी म्हणालं. “मासा मोठा लागला,” असंही कुणी म्हणालं. ताई रोज येऊन काडी लावून बसायची. काडीवरची खूण हलत नव्हती. मामाही रोज यायचे, लांब उभे राहायचे आणि न बोलता परत जायचे.

एका सकाळी पाणी उपसून ताईनं तळात पहार मारली. पहार खण्‌कन वाजली. ताईनं कपाळाला आठ्या घातल्या आणि पुन्हा मारली. तेव्हा मामा खाली उतरले.

“दे ती पहार इकडे.”

“राहू द्या मामा, मी बघते.”

“तुला काय दिसणार आहे? धुम्मस मारलीये मी. पाणी शिंपडून.”

ताईनं उगारलेली पहार खाली घेतली. “का?”

“गळेल म्हणून.”

“मामा,” ताई म्हणाली, “गळायलाच तर बांधली होती.”

मावशी पायरीवर कपडे वाळत घालत होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या म्हणाल्या, “मोटरचं जाऊ दे, दादा. पण इतके दिवस त्या पोरीला बोलणी खाऊ दिलीस?”

“हो,” मामा म्हणाले. एवढंच.

ताईनं पहार त्यांच्या हातात दिली. “चूक माझीही आहे. खणल्यावर पुन्हा एकदा पाणी ओतून बघायचं होतं मी. एकदा बघितलं आणि धरून चालले.”

मामांनी दिवसभर माझा तळ फोडला. आपल्याच हातचं घट्ट काम फोडताना माणसाचा श्वास कसा चालतो, ते मी जवळून ऐकलं आहे. मग ते मशीनची मोटर सोडवून ती दुरुस्त करून आणायला गेले. गणवेशांचे बरेचसे डाग मावशींनी धुऊन काढले. काही डाग गेले नाहीत. ते कापड त्यांना पदरचं भरून द्यावं लागलं.

त्यानंतर पाऊस आला तेव्हा माझ्या तळातून बुडबुडे वर आले. मातीतली हवा बाहेर पडत होती आणि पाणी तिच्या जागी जात होतं. ताईनं काडी बघितली आणि चेहरा ओंजळीत झाकला. पण मावशींच्या विटा परत मशीनच्या पायांखाली गेल्या होत्या. तो पावसाळा आणि पुढचाही त्या उंच स्टुलावरच बसल्या. मी रोज त्यांचा अधांतरी पाय बघायचो.

मग एका दुपारी त्या स्वतःच चारही विटा घेऊन बाहेर आल्या. रस्त्यावरचं पाणी माझ्यात शिरतं त्या तोंडापाशी त्यांनी त्या ओळीनं रचल्या, म्हणजे येणारं पाणी जरा दमानं यावं. मामांनी हात पुढे केला, तर म्हणाल्या, “तू धुम्मस घरी ठेवलीयेस ना?” मामा हसले. पुष्कळ दिवसांनी हसले.

पुढची वर्षं चांगली गेली. दुसऱ्या गल्ल्यांतली माणसं मला बघायला यायची. ताई त्यांना आधी धुम्मसची गोष्ट सांगायची आणि मामा स्वतः उभे राहून ती ऐकायचे.

पण ताई नोकरीसाठी दूर गेली. मामांचे गुडघे गेले. माझ्या तोंडाशी साठणारी पानं आणि खाऊची वेष्टनं काढायला कुणाला वेळ होईना. आता एक मोटारसायकल रोज माझ्या अंगावर उभी असते. ती लावणाऱ्याला ठाऊक नाही, की चाक म्हणजे लहानशी धुम्मसच. गेल्या पावसाळ्यात माझ्यातलं पाणी दोन दिवस हललं नाही. तिसऱ्या दिवशी पाऊस आला नाही, म्हणून निभावलं.

मित्रांनो, मावशी कुणाला काही बोलल्या नाहीत. मागच्या आठवड्यात त्यांनी माझ्या तोंडापाशी येऊन एक वीट उपसली, नळावर धुतली आणि आत नेली. काल दुसरी नेली. आता त्यांच्यानं एका वेळी एकच वीट उचलवते. किंवा त्या मला, आणि आता या गल्लीत राहणाऱ्या तुम्हाला, थोडी मुदत देत असतील.

माझ्यात चूक कुणी ठोकली, हे मला माहीत आहे. तरी ती दुसरी वीट जाताना मला पहिल्यासारखंच अपराधी वाटलं. खड्डा स्वतःची पानं काढू शकत नाही आणि चाक ढकलू शकत नाही. ते तुम्हालाच करावं लागेल. जाता-येता हातानं तोंडावरचा कचरा बाजूला करा, गाडी पलीकडे लावा, तळात चार ठिकाणी पहार मारून माती मोकळी करा. आणि एक बादली ओतून बघा. एकदा बघितलं होतं म्हणून धरून चालू नका.

दोन विटा अजून इथे आहेत. तिसरी न्यायला मावशी पायऱ्या चढून येतील, तेव्हा माझ्यापाशी त्यांना कुणीतरी वाकलेलं दिसू दे.