लांबी भरलेला तळहात

मी एक जुनी मलमाची ट्यूब आहे. पोट पाठीला लागलंय, शेपूट गुंडाळत गुंडाळत मानेपर्यंत आलंय. बोलताना धाप लागते, तेव्हा मित्रांनो, जरा जवळ या.

माझा जन्म कारखान्यात झाला. मिनिटाला साठ भावंडं! नावं ठेवायला कुणाला सवड नव्हती, म्हणून प्रत्येकाच्या शेपटीवर नुसती मुदतीची तारीख ठोकली. तिथून मी एका सुतारकामाच्या शेडमध्ये आले. फळीवर माझ्या एका बाजूला सरसाचा डबा, दुसऱ्या बाजूला लांबीचा. लांबी म्हणजे लाकडातली भोकं बुजवायचा लगदा.

शेडमध्ये दोघंच. मिस्त्री आणि पॉलिश करणारी त्याची थोरली बहीण, आक्का. खरचटलं की आक्का आधी साबणानं हात धुवायची, मग जखम वाहत्या पाण्याखाली धरायची, हलकेच टिपायची. माझं तोंड जखमेला न लावता बोटावर वाटाण्याएवढं मलम घ्यायची, पातळ पसरायची आणि वर स्वच्छ पट्टी. "गुणाची आहे हो म्हातारी," असं म्हणायची. एकदा तर माझ्या नुसत्या वासानं टेबलाच्या पायावरचा ओरखडा भरून आला. खोटं वाटत असेल तर टेबलाला विचारा.

मग आक्का तीन दिवस लेकीकडे गेली. इकडे जुनं दार मोडताना गंजका खिळा मिस्त्रीच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी खोल रुतला. त्यानं तो उपटला, भोकाकडे पाहिलं आणि म्हणाला, "बुजवलं की झालं."

धुतलं नाही, पुसलं नाही. मला पिळून भोकात ठासून भरलं, वरून बोट फिरवून सपाट केलं आणि चिकटपट्टी गुंडाळली. दुसऱ्या दिवशी वर आणखी एक थर. आत गंज, आत घाण, वर मी. कितीतरी ओरडले, पण ट्यूबचं कोण ऐकतं?

तिसऱ्या दिवशी आक्का आली.

"हात का लपवतोस रे?"

"काही नाही गं. लांबी भरलीय."

"कशात?"

"हातात."

तिनं पट्टी सोडवली. तळहात टम्म सुजलेला, कडेनं पू, आणि मनगटावरून एक लाल रेघ कोपराकडे निघालेली.

"तू माणूस आहेस की कपाट?" मग तिनं माझं शेपूट उलगडून त्यावरची तारीख वाचली. "आणि हिची मुदत तर दीड वर्षापूर्वीच संपलीय!"

"तूच तर मला हे मलम लावत होतीस."

"हो, मीही आंधळीच. चप्पल घाल."

"उद्या जाऊ. आज दार द्यायचंय."

"अंगठा राहिला तर दार देशील. ऊठ!"

पुरावा म्हणून मलाही पिशवीत घातलं. डॉक्टरबाईंनी जखम उघडली, धुतली, इंजेक्शन दिलं, गोळ्या लिहून दिल्या. "उद्या आला असता तर अंगठ्याची हमी दिली नसती," म्हणाल्या. मग त्यांनी बजावलं, खोल भोक, जनावराचा चावा, मोठं भाजणं ही मलमाची कामं नव्हेत. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर थेट दवाखाना. आणि साध्या खरचटण्यावरही मलमानं खाज सुटली, पुरळ आलं तर लावणं थांबवायचं. आठवडाभरात बरं वाटलं नाही तर दाखवायचं.

परत आल्यावर आक्कानं मला भुश्शाच्या टोपलीत टाकलं. महिनाभर ती कुणी रिकामी केली नाही, म्हणून हे बोलणं झालं. अंगठा वाचलाय, पण अर्धाच वाकतो. मिस्त्री रंधा धरतो, तो निसटतो, पुन्हा धरतो. आक्का लाकडाचं दुसरं टोक धरून उभी राहते. "हळू," म्हणते. "घाई नाही."

मित्रांनो, मी वरवरची आहे. त्यात कमीपणा नाही, पण त्याहून खोलात मला ढकलू नका. खरचटलं तर धुऊन माझ्या भावंडांना हाक मारा. खोल गेलं तर डॉक्टरांना. आम्हाला तेवढंच झेपतं हो.